शेतातल्या दुसऱ्या घराची परवानगी आणि आम्ही घेतलेली सल्लागाराची सेवा

खानापूर तालुक्यातील आमच्या शेतात आजोबांनी बांधलेले एक कौलारू घर आहे. धाकट्या भावाच्या लग्नानंतर ते दोन कुटुंबांना अपुरे पडू लागले, म्हणून त्याच शेतात त्याच्यासाठी वेगळे घर बांधण्याचे आम्ही गेल्या वर्षी ठरवले. गावठाणात जागा शिल्लक नव्हती आणि बेळगावात भूखंड घेण्याची ऐपत नव्हती. या कामासाठी आम्ही महसुली कामे करून देणाऱ्या एका सल्लागाराच्या कार्यालयाची सेवा घेतली. पहिल्या भेटीपासून एनएचा, म्हणजे शेतजमिनीचे बिगरशेतीत रूपांतर केल्याचा, आदेश हातात पडेपर्यंत नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत काय चांगले मिळाले आणि कुठे मनस्ताप झाला, हे अशाच विचारात असलेल्या सीमाभागातील कुटुंबांसाठी येथे लिहीत आहे. कार्यालयाचे नाव देत नाही, कारण पुढे त्यांच्या एका गंभीर चुकीबद्दलही लिहायचे आहे.

या कार्यालयात जाण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका एजंटाला भेटलो होतो. त्याने सातबारा पाहिला नाही, शेत कोणत्या गावचे आहे तेही धड विचारले नाही. आधी घर बांधून टाका, पुढे कोणी विचारलेच तर दंड भरून नियमित करून घेऊ, असा सल्ला त्याने दिला. आमच्या भागात हा सल्ला सर्रास दिला जातो आणि अनेक जण तो ऐकतातही. परवानगीशिवाय शेतजमिनीचा वापर बदलला, तर कर्नाटक भू-महसूल कायदा १९६४ च्या कलम ९६ खाली दंडाची कारवाई होऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे अशा घरावर बँक कर्ज देत नाही आणि पुढच्या पिढीला ते विकणे किंवा वाटणे अवघड जाते. आयुष्याची कमाई ज्या भिंतींत घालायची, त्या भिंती कागदावर नसाव्यात हे आम्हाला पटले नाही. आम्ही तेथून उठलो.

ज्या कार्यालयाकडे शेवटी काम दिले, तेथील पहिली बैठक जवळपास दोन तास चालली. माझ्या मते या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग तोच होता. सल्लागारांनी सर्वप्रथम आमचा समज दुरुस्त केला. शेतात बांधलेले प्रत्येक घर एनए करावे लागते असे आम्ही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात त्याच कायद्याच्या कलम ९५ नुसार शेतजमीन धारण करणाऱ्याला शेतीच्या सोयीसाठी विहीर, गोठा, खळे आणि शेतघर बांधण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी जमिनीचे रूपांतर करावे लागत नाही. अट अशी की शेतघर एकूण धारणेच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त जागा व्यापणार नाही आणि ते व्यवसायासाठी कोणाला भाड्याने देता येणार नाही. हे ऐकून आमच्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणतो, एकदम हायसे वाटले. तेवढ्यावर काम होईल, मग एनए कशाला, असे ते म्हणाले.

सल्लागारांनी मात्र होकार देण्याची घाई केली नाही. घरात राहणारा कोण, तो काय करतो आणि पैसे कुठून उभे करणार, हे तीन प्रश्न त्यांनी विचारले. भाऊ बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखान्यात नोकरीला आहे. तो शेतीत सुगीच्या दिवसांत राबतो, पण त्याचा चरितार्थ शेतीवर नाही. घरासाठी त्याला बँकेचे कर्ज घ्यायचे होते. बँक एनएचा आदेश मागते. त्यानंतर ग्रामपंचायतीच्या ई-स्वत्तू प्रणालीतून मिळणारे नमुना ९ आणि नमुना ११ अ हे मिळकतीचे उतारे मागते. शेतघराला यांपैकी काहीच मिळत नाही. शिवाय केवळ राहण्यासाठी बांधलेल्या घराला शेतघर म्हणणे म्हणजे पहिल्याच कागदावर खोटे लिहिणे ठरेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आबांना ते पटायला वेळ लागला, पण पटले. शेतघराच्या वाटेने त्यांचे शुल्कही कमी झाले असते आणि आम्हीही लवकर मोकळे झालो असतो, हे खरे. तरीही आमची गरज नेमकी ओळखून त्यांनी लांबची वाट दाखवली, याबद्दल मी त्यांना पूर्ण गुण देतो.

यानंतर त्यांनी आमची पहाणी वाचली. आमच्याकडे जुनी माणसे आजही सातबाराच म्हणतात, पण १९५६ साली हा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेल्यानंतर कालांतराने त्याची जागा आरटीसीने, म्हणजे पहाणीने घेतली आणि पुढे भूमी प्रकल्पातून ती संगणकावर आली. अकराव्या रकान्यात, जेथे बोजा व इतर हक्क लिहिलेले असतात, तेथे गावच्या सोसायटीचे एक पीककर्ज दिसत होते. आबांनी ते कित्येक वर्षांपूर्वी फेडले होते, पण बोजा उतरवून घेतला नव्हता. दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची निघाली. आमच्या सर्वे नंबरात ३ गुंठे ब-खराब दाखवलेले आहे. ब-खराब म्हणजे वाट, नाला, पाणवठा अशा सार्वजनिक वापरासाठी राखलेली जागा. ती मालकाच्या नावावरील क्षेत्रात मोजली जात नाही आणि तिचे रूपांतरही होत नाही. आमच्या शेतातून ओढ्याकडे जाणारी जुनी गाडीवाट तीच. भावाने घरासाठी निवडलेली जागा नेमकी त्या वाटेला लागून होती. कागदावर पाहिले नसते, तर घराची एक बाजू वाटेवर आली असती.

मूळ सर्वे नंबर ४ एकर ३५ गुंठ्यांचा आहे. ब-खराब वजा जाता ४ एकर ३२ गुंठे उरतात आणि ते सगळे एकत्र खात्यात होते. एकत्र जमिनीतील थोडासा तुकडा एनए करायचा, तर आधी तो कोणाचा हे ठरले पाहिजे. म्हणून पहिल्यांदा वाटणी, मग फेरफार आणि शेवटी रूपांतराचा अर्ज, असा क्रम त्यांनी आखून दिला. वाटणीची नोंदणी होण्याआधी भूमापन खात्याकडून मोजणी होऊन ११-ई नकाशा, म्हणजे नवे हिस्से दाखवणारा नकाशा, मिळावा लागतो, त्यासाठी त्या खात्याच्या मोजिनी प्रणालीत अर्ज करावा लागतो. खानापूर तालुक्यात एकदा मृग लागला आणि चिखलणी सुरू झाली की शेतात पाय ठेवता येत नाही. त्यामुळे मोजणी मे महिन्यातच उरकली पाहिजे, यावर ते ठाम होते. त्यांनी आग्रह धरला नसता, तर आमचे एक वर्ष वाया गेले असते.

वाटणीच्या वेळी बहिणीचा प्रश्न आला. तिचे सासर चंदगड तालुक्यात, म्हणजे हद्दीपलीकडे महाराष्ट्रात आहे. घरातल्या काही वडीलधाऱ्यांचे म्हणणे होते की लग्न झालेल्या मुलीला यात कशाला ओढायचे. सल्लागारांनी ते साफ नाकारले. कर्नाटकाने १९९४ मध्ये, आणि केंद्राने २००५ मध्ये, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे. तिला वगळून केलेली वाटणी आज ना उद्या कोर्टात जाईल, असे त्यांनी आबांना समोर बसवून समजावले. तिला तिचा वाटा देण्याची आमची तयारी होती. तिने सर्व ऐकून घेतले, दोन दिवस विचार केला आणि स्वखुशीने हक्कसोडपत्र करून दिले. त्यासाठी ती नवऱ्यासह खानापूरच्या उपनिबंधक कार्यालयात स्वतः आली. बहिणींच्या सह्या घरबसल्या गोळा करणारी माणसे मी पाहिली आहेत. या कार्यालयाने तसे होऊ दिले नाही, आणि त्यामुळे आमच्या नात्यात आज काही खुपत नाही.

मोजणीचा दिवस मला कायम लक्षात राहील. सकाळी साडेसातला भूमापक आला, सोबत सल्लागारांचा एक तरुण सहायक होता. यंत्र तिकाटण्यावर उभे करून कोपऱ्याचा पहिला बिंदू घ्यायचा होता आणि नकाशात दाखवलेला हद्दीचा दगड कुठेच दिसत नव्हता. शेजारच्या बांधाची माती वर्षानुवर्षे आमच्या बाजूला सरकत आलेली होती. सहायकाने आबांना विचारले. आबा काही न बोलता करवंदीच्या जाळीकडे गेले, विळ्याने फांद्या बाजूला केल्या आणि हाताने माती उकरू लागले. वीतभर खोलीवर काळा, वर निमुळता होत गेलेला दगड लागला. आबांनी त्याच्यावरची माती तळहाताने पुसली आणि म्हणाले, ‘ह्यो माझ्या बाच्या वक्ताचा दगड. यंत्र इथनं लावा.’ भूमापकाने तेथूनच मोजणी सुरू केली आणि कागदावरचे अंतर जमिनीशी जुळले. शेजाऱ्यांना नोटीस आधीच मिळाली होती. तेही हजर होते, आणि दगड डोळ्यांनी पाहिल्यावर त्यांनी कोणतीही हरकत घेतली नाही.

सहायकाने त्या दिवशी आणखी एक काम न सांगता केले. प्रत्येक कोपऱ्याचे छायाचित्र त्याने दगड, बांध आणि जवळचे झाड यांच्यासह घेतले आणि संध्याकाळी आम्हाला पाठवले. पुढे बांधावरून काही वाद झालाच, तर हा पुरावा उपयोगी पडेल. आबा, मी आणि भाऊ अशा तीन वाटण्यांत प्रत्येकाला १ एकर २४ गुंठे आले. भावाच्या हिश्श्यातील ५ गुंठे, म्हणजे ५,४४५ चौरस फूट, एनए करायचे ठरले. सुरुवातीला भावाला १० गुंठे हवे होते. एकदा एनए झालेल्या जमिनीवर पीककर्ज मिळत नाही, ती शेतीच्या हिशेबातून निघून जाते, आणि आमची ती पट्टी भाताची उत्तम जमीन आहे, हे सल्लागारांनी त्याच्यासमोर मांडले. जास्त क्षेत्राचे जास्त शुल्क घेता आले असते, तरी त्यांनी कमीच करा असे सांगितले.

आता चुकीविषयी. फेरफार झाला, नवा हिस्सा भावाच्या नावावर आला आणि ऑगस्टमध्ये रूपांतराचा ऑनलाइन अर्ज करण्याची वेळ आली. अर्जासोबत नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. ही जमीन कोणत्याही कायद्याखाली प्रतिबंधित नाही, तिच्यावर खटला नाही, दिलेली माहिती खरी आहे, असे त्यात अर्जदार शपथेवर सांगतो. प्रतिज्ञापत्र अर्थातच कन्नडमध्ये होते. भावाला कन्नड बोलता येते, पण कायद्याची कन्नड वाचता येत नाही. त्या दिवशी मी सोबत नव्हतो. कार्यालयातील लेखनिकाने सही कुठे करायची तेवढी जागा दाखवली आणि भावाने सही केली. त्यात हिस्सा नंबर चुकीचा पडला होता. आमच्या नव्या हिश्श्याऐवजी आबांच्या हिश्श्याचा नंबर होता. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला, नवे प्रतिज्ञापत्र करावे लागले आणि साडेतीन आठवडे गेले.

वेळ गेल्याचे दुःख मला तितकेसे नाही. माझ्या भावाने शपथेवर एका कागदावर सही केली आणि त्यात काय लिहिले आहे हे त्याला कोणी वाचून दाखवले नाही, याचे मला फार वाईट वाटते. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत, तेथे सरकारी कागदपत्रे त्यांच्याही भाषेत मिळावीत, ही सीमाभागातील मराठी माणसाची फार जुनी मागणी आहे. ती जेव्हा पूर्ण होईल तेव्हा होईल. परंतु मराठी ग्राहकांकडून शुल्क घेणाऱ्या खासगी कार्यालयाने सहीपूर्वी प्रत्येक कागद मराठीत समजावून सांगणे, किमान त्याचा मराठी सारांश हाती देणे, यासाठी कोणत्याही सरकारी निर्णयाची वाट पाहावी लागत नाही. मी हे मुख्य सल्लागारांना लेखी कळवले. त्यांनी चूक मान्य केली, दुसऱ्या प्रतिज्ञापत्राचा आणि नोटरीचा खर्च स्वतः केला, आणि त्यानंतरचा प्रत्येक कागद आबांसमोर ओळीने मराठीत वाचून दाखवला. त्यांची ही वागणूक प्रामाणिक होती, परंतु मी तक्रार केली नसती, तर ती सवय पडली असती का, हा प्रश्न राहतोच.

शुल्काविषयी थोडक्यात सांगतो. आमच्याकडून त्यांनी दोन हप्त्यांत २२,००० रुपये घेतले. सरकारी मोजणी शुल्क, नोंदणी शुल्क आणि रूपांतर शुल्क त्या रकमेत धरलेले नव्हते, ते आम्ही थेट भरले आणि त्याची चलने आमच्याजवळ आहेत. पहिल्या हप्त्याची पावती मात्र दोनदा मागावी लागली. पैसे देण्यापूर्वी कामाची व्याप्ती आणि शुल्क लेखी घ्यावे, असे मी प्रत्येकाला सांगेन. आम्ही तसे घेतले होते, म्हणूनच फेरफाराच्या वेळी लेखनिकाने वेगळी रक्कम मागितली तेव्हा तो कागद दाखवून ती नाकारता आली.

अर्ज पुढे तहसीलदार कार्यालयाच्या अहवालासाठी गेला, तलाठी आणि सर्कल यांनी जागा पाहिली आणि इतर खात्यांची मते आली. या टप्प्यात सल्लागारांना करण्यासारखे फारसे नव्हते, आणि ते आहे असा आव त्यांनी आणला नाही. दर पंधरवड्याला अर्जाची स्थिती मात्र न विचारता कळवली. आमचे गाव बेळगाव नगर विकास प्राधिकरणाच्या, म्हणजे बुडाच्या, नियोजन क्षेत्रात येत नाही, म्हणून आमचे काम तुलनेने सरळ झाले. बेळगाव शहराभोवतीच्या गावांतील जमीन बृहत् आराखड्यात शेती विभागात दाखवलेली असेल, तर नगररचना कायदा १९६१ च्या कलम १४-अ खाली आधी भूवापरातील बदल मंजूर करून घ्यावा लागतो. त्या गावांतील लोकांनी सल्लागार निवडताना त्याला या कामाचा अनुभव आहे का, हे पहिल्यांदा विचारावे. तसेच सर्वे नंबर एखाद्या भूसंपादनाच्या अधिसूचनेत आहे का, हेही पाहून घ्यावे. हलगा-मच्छे बायपासच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट सल्लागारांच्या यादीत नव्हती, ती आम्हालाच सुचली. शेतात पंपाचे वीजजोड आहे. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत मिळते, आणि त्याच तारेवरून घरात दिवे घेण्याचा मोह अनेकांना होतो. ती वीज पिकासाठी आहे. घरासाठी हेस्कॉम या वीज कंपनीकडून स्वतंत्र जोड घ्यावी लागते. खांब घरापासून दूर असेल तर त्याचा खर्च मोठा येतो, म्हणून घराची जागा ठरवतानाच तो हिशेबात धरायला हवा होता. आमचा खांब तीन शेतांपलीकडे आहे. जागेची पहिली पाहणी झाली, तेव्हा सल्लागारांनी ही बाब काढायला हवी होती असे मला वाटते.

आदेश डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मिळाला. त्यात सर्वे नंबर, हिस्सा, ५ गुंठे क्षेत्र, निवासी हेतू आणि अटी नमूद आहेत. तो हातात देताना सल्लागारांनी पुढची पायरीही लिहून दिली: आदेशाची प्रत आणि नकाशा घेऊन पंचायतीत पीडीओंकडे, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे, अर्ज करा, नमुना ९ आणि ११ अ काढा, मग बांधकामाचा परवाना घ्या, आणि त्यानंतरच पायाला हात लावा. या कामाचे वेगळे शुल्क त्यांनी मागितले नाही, आणि ते तुम्ही स्वतः करू शकाल असे सांगितले. भावाने ते स्वतःच केले. संक्रांतीनंतर त्याला परवाना मिळाला.

पायाची आखणी करायला गवंडी आला, तेव्हा भात कापून झाले होते आणि शेतात फक्त धसकटे उभी होती. आबांनी त्याला सर्वप्रथम करवंदीच्या जाळीजवळ नेले, तो दगड दाखवला आणि तेथून गाडीवाटेपर्यंतचे अंतर नकाशा हातात धरून टेपने मोजायला लावले. चुन्याची पहिली रेघ त्यानंतर पडली.